भट्टीवरच्या चाचांना, खवय्या टोळीकडून

चाचा, सलाम.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं चाचा. सुट्टीच्या दिवशी संभाजीनगरात खायला भटकणारी आमची टोळी तुमच्या भट्टीशी येऊन प्रश्न विचारत राहिली आणि तुम्ही हातातलं काम न थांबवता उत्तरं देत राहिलात. त्याचे हे आभार. उघड पत्रात लिहितोय ते यासाठी, की तुमचं सांगणं बाकीच्या हौशी मंडळींच्याही उपयोगी पडावं.

सगळ्यात कामाचं तुमचं वाक्य होतं, "कार्ड बाद में, पहले भट्टी देखो." शहागंज, सिटी चौक, रोशन गेट, कुठंही नान खलिया, म्हणजे तंदुरी नान आणि मटणाचा तर्रीदार रस्सा, खायचा तर टेबल धरण्याआधी दोन मिनिटं भट्टीपाशी उभं राहायचं, पण कारागिराच्या हाताच्या वाटेत नाही. लाटलेला नान हातातल्या कापडी गादीवर पसरला जातो, भिंतीला लागणाऱ्या बाजूला पाण्याचा हात फिरतो, गादी आत जाते आणि नान भिंतीला चिकटतो. पाणी कमी पडलं किंवा भिंत नीट तापली नसेल, तर नान सुटून निखाऱ्यांत पडतो. भट्टी जास्त तापली असेल, तर वरून काळे डाग आणि आत कच्चं पीठ. लोखंडी सळईनं काढलेला पहिला नान कारागीर तोडून बघतो का, हे पाहायचं. तो बघत असेल, तर बिनधास्त बसावं.

पिठाचं गणितही तुम्ही हातचं राखून सांगितलं नाही. मैदा, त्यात थोडी कणीक, मीठ, साखर, तेल, यीस्ट. उन्हाळ्यात पीठ तासाभरात दुप्पट होतं, डिसेंबरच्या गारठ्यात दोन तासही पुरत नाहीत. म्हणून थंडीत गर्दीच्या वेळी घाईनं लावलेला नान आतून गच्च निघतो. मधोमध तोडला की जाळी दिसली पाहिजे. वरचा सोनेरी रंग गूळ-हळदीच्या पाण्याचा. ते पाणी घट्ट झालं तर गूळ करपतो आणि नान कडसर लागतो. उरलेला नान फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, तिथं तो बाहेरच्यापेक्षा लवकर वातड होतो. फडक्यात गुंडाळून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून झाकणाखाली तव्यावर गरम करावा.

खलियाबद्दल तुम्ही सांगितलेली रंगाची खूण आता आमच्यातला प्रत्येक जण वापरतो. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून चमच्यानं तर्री बाजूला सारून खालचा रस बघायचा. तर्री लालभडक आणि रस तपकिरी-पिवळसर असेल, तर रंग मसाल्याचा. रसही तितकाच लाल असला आणि बोटं धुऊनही गुलाबी राहिली, तर बाटलीतल्या रंगाची शंका घ्यावी. तर्री नको असेल तर ती ताटात आल्यावर काढत बसू नये, आधीच "तर्री कम" सांगावं. डेगमधून, म्हणजे मोठ्या हंड्यातून, वाढतानाच ती वेगळी होते.

घरी करणाऱ्यांसाठी तुमचं प्रमाण देतो: १ किलो मटणाला पाव किलो तळलेला कांदा, १५० ग्रॅम दही, ५० ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, २ चमचे खसखस. दही घुसळूनच आणि आच मंद करूनच घालायचं, नाहीतर फाटतं. मग झाकण लावून दीड-दोन तास मंद आचेवर. कुकरच्या शिट्ट्यांवर मटण शिजतं, पण मसाल्यातून तेल सुटत नाही, म्हणून घरची तर्री फिकी दिसते. नुसतं बोनलेस घेऊ नये, ते कोरडं पडतं. नळी आणि खांद्याचे तुकडे मागावेत. हॉटेलात "छोटे का" म्हणजे मटण आणि "बडे का" म्हणजे म्हशीचं, हे आधी विचारून घ्यावं. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही, वाढणाऱ्यालाही ते सोयीचंच.

तुघलकाची गोष्ट मात्र अर्धीच मान्य, चाचा. १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आली आणि फौजेसाठी हे जेवण शिजलं, असं सांगतात. पण मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, म्हणजे १४९८ नंतर. आणि मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आपलं हे शहर, वसवली १६१० साली. तेव्हा फौजेनं खलिया खाल्ला असलाच, तर लाल तर्रीचा नक्कीच नव्हता. यावर तुम्ही हसून पुढचा नान लावलात, तेच उत्तर समजतो.

जाता जाता गुलमंडी बाजाराचं सांगितलंत, तेही लिहून ठेवतो. तिथं जिलेबी आणि इमरतीत गोंधळ करू नये. जिलेबी आंबवलेल्या मैद्याची, म्हणून किंचित आंबट. इमरती उडदाच्या डाळीची. पीठ इतकं फेटायचं, की थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. तो बुडाला तर इमरती आतून घट्ट होते आणि पाक आत शिरत नाही. खलियानंतर लगेच गोड नको, गुलमंडीपर्यंत चालत जावं. पान खायचं तर उस्मानपुऱ्यात, तारा पानवाल्याकडे. रमजानमध्ये दुपारी भट्ट्या थंड असतात. इफ्तारनंतर जावं, चौघांत दोनच प्लेट मागवाव्यात आणि नान जास्त घ्यावेत, म्हणजे पुढच्या गल्लीसाठी पोटात जागा राहते. सुटे पैसे खिशात असावेत, गल्ल्यावरच्या माणसाचा वेळ वाचतो.

एक मात्र तुम्ही शेवटपर्यंत टाळलंत. गूळ-हळदीच्या पाण्यात गूळ किती, हे विचारलं की तुम्हाला नेमकं भट्टीत लाकूड घालायचं असतं. तेवढं एक सांगाच, चाचा.

तुमची,
खवय्या टोळी, छत्रपती संभाजीनगर