वळसा घालणाऱ्या कॅप्टनना जाहीर आभार

आदरणीय कॅप्टन,

उद्घोषणेत आपले नाव नीट ऐकू आले नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे. वादळाला वळसा घातला यात विशेष ते काय, असे आपण कदाचित म्हणाल. तीव्र गडगडाटी ढगापासून किमान वीस सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, दूर राहावे हा दंडक वैमानिकांना पाठच असतो. माझे आभार आहेत ते आपण त्याचे कारण आम्हाला सांगितलेत म्हणून.

"समोर दोन ढगांच्या मधे वाट मोकळी दिसते आहे, पण मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही," असे आपण अगदी साध्या आवाजात म्हणालात. जवळचा मुसळधार पाऊस रडारच्या लहरी शोषून घेतो आणि त्यामागचे वादळ पडद्यावर उमटतच नाही, हेही आपण दोन वाक्यांत समजावलेत. माझ्या शेजारच्या बाईंनी विमान सुटल्यापासून खुर्चीचा हात घट्ट धरला होता; ते ऐकल्यावर त्यांनी तो सोडला आणि खिडकीची झडप स्वतःहून वर केली. दूरवर तो ढग उभा होता, माथा ऐरणीसारखा पसरलेला आणि (कबूल करायला हवे) अतिशय देखणा.

घरी आल्यावर मी वाचले, की ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेत सदर्न एअरवेजचे २४२ क्रमांकाचे उड्डाण अशाच वादळात शिरले आणि पाऊस व गारांच्या माऱ्याने त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. विमानातील रडारवर वाजवीपेक्षा अधिक विसंबणे हे त्या अपघातामागचे एक कारण होते. आपला तो अविश्वास किती मोलाचा होता, हे तेव्हा उमगले.

यापूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या विमानात आम्ही ढगाच्या इतके जवळून गेलो, की खाद्यपदार्थांची गाडी जागेवरून उचलली गेली. तेव्हा कॉकपिटमधून चकार शब्द आला नाही आणि तक्रारीला उत्तर मिळाले ते "हवामान प्रतिकूल होते" एवढेच. जणू हवामानच विमानावर चालून आले होते! प्रवाशाला सत्य पेलवत नाही, हा समज नेमका कोणाच्या सोयीचा आहे, असा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे.

आपल्या वळशामुळे माझे पुढचे विमान चुकले. त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही, हे मी आपल्या कंपनीलाही लेखी कळवले आहे.

आपला कृतज्ञ,
एक प्रवासी