बाबा, मी तिकडे नेमकं काय करते ते लिहून पाठवते

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर दरवेळी केळीचा भाव, लाईट किती तास होती आणि आईचे गुडघे यातच वेळ जातो आणि बाबांचा प्रश्न राहून जातो, की "तू तिकडे करते तरी काय, औषध कधी निघेल?" म्हणून लिहूनच पाठवते. आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिने चष्मा अजून बदलला नसेल.

बाबा, आपल्या अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए, म्हणजे शरीराच्या सगळ्या सूचना लिहिलेली लांब साखळी, सारखाच असतो, डोळ्यात तोच, लिव्हरमध्ये तोच. फरक पडतो तो कोणत्या पेशीत कोणता जीन, म्हणजे त्या साखळीतला एका सूचनेचा तुकडा, चालू आहे त्याने. जीन चालू झाला की त्याची नक्कल निघते, ती म्हणजे आरएनए, आणि त्या नकलेवरून पेशी प्रोटीन बनवते. पण काही आरएनए एवढे बारके असतात, साखळीतली जेमतेम 22 अक्षरं, की त्यांच्यापासून प्रोटीन बनतच नाही, ते दुसऱ्या आरएनएला जाऊन चिकटतात आणि त्याचं काम दाबून ठेवतात. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. आपल्या ठिबकचं कसं, विहिरीचं पाणी एकच पण कोणत्या लाईनीला किती सोडायचं ते व्हॉलवर, तसंच समजा.

हे पहिल्यांदा सापडलं ते एक मिलिमीटरच्या अळीत, 1993 मध्ये, व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या शास्त्रज्ञांना. तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही, अळीतली गंमत म्हणून सोडून दिलं. 2000 मध्ये रुव्हकुन यांच्या लॅबला असाच दुसरा सापडला आणि तो माणसातही निघाला, मग सगळे जागे झाले. 2024 चं नोबेल त्या दोघांना याच कामाचं मिळालं.

कॅन्सरशी याचा संबंध काय, तर एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरमध्ये बऱ्याच पेशंटच्या तेराव्या क्रोमोसोमचा, म्हणजे डीएनएच्या एका गुंडाळीचा, एक तुकडा गायब असतो. त्यात कोणता महत्त्वाचा जीन गेला हे लोक वर्षानुवर्षं शोधत होते, सापडेना, कारण सगळे प्रोटीनवाला जीन शोधत होते. 2002 मध्ये कार्लो क्रोचे या शास्त्रज्ञांच्या टीमने दाखवलं की तिथे दोन मायक्रोआरएनए आहेत. पुढे कळलं की ते पेशीला मरू न देणाऱ्या एका प्रोटीनला दाबून ठेवतात, तेच गेले तर ज्या पेशीने मरायला पाहिजे ती जगत राहते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती आणि त्याच दिवशी मी ठरवलं की हेच करायचं.

मी काम करते तोंडाच्या कॅन्सरवर. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे पेशंटच्या परवानगीने आमच्याकडे येतात आणि त्यात कोणता मायक्रोआरएनए वाढला, कोणता घटला ते मी मोजते. आरएनए फार लवकर खराब होतो, आपल्या हाताच्या त्वचेवरही त्याला तोडणारी एन्झाइम (कामं घडवणारी प्रोटीनं) असतात, म्हणून ग्लोव्हज घालून काम आणि तुकडे उणे 80 डिग्रीत. आई, तू म्हणते ना फोन का नाही उचलत, त्या वेळी हात खरंच मोकळे नसतात.

औषधाचं खरं सांगते. मायक्रोआरएनएचं एक औषध कॅन्सर पेशंटवर 2013 पासून तपासत होते, 2016 मध्ये थांबवावं लागलं, कारण काही जणांच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच जोरात त्रास दिला. काम चालू आहे, पण माझ्या लॅबमधून उद्या-परवा गोळी निघणार नाही बाबा, आणि मला तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही.

म्हणूनच हे पत्र. आई म्हणाली तुमच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे आणि तुम्ही म्हणता तिखटाने झाला असेल. असा प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, पण काहींचा होतो आणि नुसतं बघून कळत नाही, तपासावंच लागतं. आपल्या देशात पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर तोंडाचाच आहे, आणि लवकर सापडला तर चांगला बरा होतो. कपाशी वेचायला माणसं मिळत नाहीत हे मला माहीत आहे, तरी एक दिवस काढा, जळगावला मेडिकल कॉलेजमध्ये दाखवून या, दादा गाडी घेऊन येईल, मी त्याच्याशी बोलले आहे. आणि तंबाखूची डबी आजपासून आईकडे द्या. तुमची पोर रोज हेच तुकडे हातात घेते, तिचं एवढं ऐका.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळवा, त्या दिवशी मी फोन जवळच ठेवीन.

तुमची,
छोटी