रजा मिळते ती नेमकी चातुर्मासात

लेफलाले, लिम्पोपो, दक्षिण आफ्रिका
१८ जानेवारी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

तब्येत उत्तम, जेवण वेळेवर, खोकला अजिबात नाही. आईचे तिन्ही प्रश्न संपले.

आता बाबांचे. मी काम करते त्या मेडुपी वीज केंद्रातल्या स्फोटाची बातमी तुम्हाला कुणी व्हॉट्सॲपवर पाठवली ते मला कळलंय. तो स्फोट ८ ऑगस्ट २०२१ चा, मी इथे यायच्या आधीचा. चार नंबरच्या संचाच्या जनरेटरला थंड ठेवणारा हायड्रोजन काढताना आत हवा शिरली आणि भडका उडाला. कुणाचा जीव गेला नाही आणि तो संच २०२५ च्या जुलैत पुन्हा सुरू झाला. हायड्रोजन आणि हवा यांच्या मध्ये आधी कार्बन डायऑक्साइड भरायचा, हे मी दहावीत असताना तुम्हीच ऊर्जानगरच्या गच्चीवर समजावलं होतं ना? मग आता मलाच काय सावध राहायला सांगता!

कोळशाचे प्लांट बंद होतायत, नोकरी जाईल, हेही मनातून काढा. २०२२ मध्ये कोमाटीचं केंद्र बंद केलं, पण ते १९६० च्या दशकातलं. मेडुपीचा शेवटचा संच २०२१ ला पूर्ण झाला. इथल्या सरकारी वीज कंपनीची, एस्कॉमची, बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे. आमचे सहाही संच चालले तर ४,७६४ मेगावॅट होतात, म्हणजे हिवाळ्यातल्या संध्याकाळी देशाला लागते त्याचा साधारण सातवा हिस्सा. तुमचं चंद्रपूरचं केंद्र २,९२०. (रागावू नका.) पण इथे कूलिंग टॉवर नाहीत, हे पाहून तुम्ही हरखला असता. पाणी कमी, म्हणून टर्बाइनमधून सुटलेली वाफ प्रचंड पंख्यांच्या वाऱ्यानेच थंड करतात आणि तेच पाणी परत बॉयलरला देतात. २०१० च्या उन्हाळ्यात तुमच्या केंद्राला पाणी देणारं इरई धरण आटलं आणि संच बंद करायची वेळ आली, तेव्हा तुम्ही घरी येऊनही कुणाशी बोलत नव्हता. पंख्यांखालून जाताना ते आठवतं.

आईला एक गंमत सांगते. इथे वीज किराणा दुकानात मिळते! खरंच. दूध-पाव घेतला की काउंटरवर मीटरचा नंबर सांगायचा आणि दोनशे रँड द्यायचे. बाई एक चिठ्ठी देते, तिच्यावर वीस आकडे. घरी येऊन ते आकडे मीटरच्या बटणांवर दाबायचे. एक जरी चुकला तरी मीटर नाही म्हणतो, पुन्हा पहिल्यापासून. बरोबर आले की युनिट जमा. संपत आली की मीटर ओरडतो, संपली की अंधार, मग बिल भरलं-नाही भरलं हा वादच नाही. २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत तर देशभरच्या प्रीपेड मीटरांत असे दोन-दोन जादा कोड घालायला लावले, न घालणाऱ्यांचे मीटर पुढे रिचार्ज घेईनात. आपल्याकडे स्मार्ट मीटरवरून एवढी ओरड चाललीय, इथे लोकांना सवय आहे. जोहान्सबर्गला नोकरी करणारी मुलं फोनवरून वीज घेतात आणि वीस आकडे गावातल्या आईला मेसेज करतात, पूर्वीच्या मनीऑर्डरसारखं.

आणि नाही, मी अंधारात एकटी बसत नाही. २०२३ मध्ये भारनियमन भयंकर होतं, स्टेज सहा लागली की सहा हजार मेगावॅटची कपात. आता ते जवळजवळ थांबलंय. का थांबलं, तर संचांची दुरुस्ती नीट होऊ लागली म्हणून. ती दुरुस्ती आम्हीच करतो. आता मुद्द्यावर येते.

दादूच्या लग्नाला फेब्रुवारीत मला येता येणार नाही.

इथला हिवाळा जून ते ऑगस्ट. तेव्हा मागणी चढते, संच थांबवता येत नाहीत, म्हणून दुरुस्तीचे मोठे शटडाउन बहुतेक उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च. आपले मुहूर्त तेव्हाच. मला रजा मिळते ती जुलैत, नेमकी चातुर्मासात. मे महिना सुचवणार होते, पण मेमध्ये चंद्रपुरात मांडव घालून मुलीकडच्यांचे हाल कशाला. फेब्रुवारीचाच धरा. मी विचारलं होतं हो साहेबांना, दोनदा विचारलं.

दोन लाख पाठवलेत, मंगळवारपर्यंत जमा होतील. एफडी मोडू नका, हॉलचे पैसे यातूनच द्या. अंगठी माझ्याकडून, आईने पसंत करावी आणि किंमत मला सांगू नये. करवलीचा मान चिमीला द्या. तिला माझी हिरवी पैठणी नेसवा, कपाटात खालच्या कप्प्यात आहे. काकू म्हणतील थोरलीच्या आधी धाकट्याचं. म्हणू द्या. माझं बघायचं ते जुलैत बघू, मी आल्यावर.

तुमची,
मोठी

ता. क. मावशीने पाठवलेला नागपूरचा मुलगा फोटोत बरा दिसतो. हे तिला लगेच सांगायची गरज नाही.