पैज तू जिंकलास

16 जून 2024

प्रिय अव्या,

आठ महिने पत्र नाही. शिव्या आधी घालून घे, मग वाच. तब्येत ठीक, गुडघा तोच.

लिहितोय, कारण पैज हरलो. 2005 च्या 20 जानेवारीला आपण सोहो या सूर्यावर नजर ठेवणाऱ्या यानाच्या फोटोंवर, सूर्यातून आलेल्या प्रोटॉनांनी उमटवलेला पांढरा भुगा बघत भांडत होतो, आठवतं? कणांना पळवतो कोण? मी म्हणायचो, सूर्यावर भडकणारी ज्वाला. तू म्हणायचास, सूर्यातून उसळलेल्या वायूच्या ढगापुढची धक्का-लहर. सरांनी दोघांनाही खोलीबाहेर काढलं. (आवाज तुझाच चढला होता.)

तर, सूर्यडाग क्रमांक 13664. 10 मेच्या रात्री जगभर ध्रुवीय प्रकाश दिसला. दुसऱ्या दिवशी मी पोरांपुढे ऐटीत सांगितलं, "डाग आता पश्चिमेला सरकतोय, धोका टळला." गाढव! त्याच पहाटे एक्स5.8 ची (एक्स म्हणजे सर्वांत जोरदार वर्ग) ज्वाला होऊन गेली होती आणि तिचे प्रोटॉन जमिनीवरच्या न्यूट्रॉन मोजणीपर्यंत पोचले होते. मी आलेख उघडलाच नव्हता. ढग आपल्यावर यायचा तर डाग मधोमध लागतो आणि ढगाला दीड-दोन दिवस लागतात, हे डोक्यात बसलेलं. पण सूर्य फिरतो, सौरवाऱ्याबरोबर निघालेल्या चुंबकीय रेषा पिळत जातात आणि आपल्याला भिडणाऱ्या रेषेचं मूळ पश्चिमेला 50-60 अंशांवर राहतं. प्रोटॉन त्या रेषेवरून अर्ध्या तासात दारात. तू हे तेव्हाच कागदावर काढून दाखवलं होतंस. कागद मी फाडला.

मीही मनातल्या मनात म्हटलं, ज्वाला एक्स5.8 होती, मग माझंच खरं. पण तोच डाग फेरी मारून 13697 नावाने परत आला आणि 8 जूनला पश्चिम कडेपाशी भडकला. ज्वाला फक्त एम9.7, म्हणजे एक वर्ग खालची, एक्ससुद्धा नाही! प्रोटॉनांचा आकडा मात्र हजारापार, एस3, म्हणजे जोरदार प्रोटॉन-वादळ. मेच्या त्या ज्वालेला तेवढी मजल मारता आली नव्हती. ज्वालेचा आकार बघून कणांचा अंदाज बांधता येत नाही, मोठ्या घटनांत कणांना पळवते ती तुझी धक्का-लहरच, हे मान्य. छोट्या, हेलियम-3 (हेलियमचा हलका प्रकार) जास्त असलेल्या घटना ज्वालेच्या आहेत, तेवढं तरी माझ्या नावावर ठेव.

आता पंचाईत ही, की पुढच्या शनिवारी तीच पोरं येणार. "धोका टळला" परत कसं घेऊ? सांग.

घराचं काम संपलं का? चिनूचा निकाल? वहिनींना नमस्कार.

कागद पुन्हा काढून पाठव. या वेळी फाडणार नाही.

तुझा,
दिन्या