नुसतं पावसाला दोष देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

जगातल्या उपासमारीची बातमी आली की कारणं ठरलेली असतात, एकतर पाऊस पडला नाही नाहीतर लोकसंख्या वाढली. दर वेळी तेच वाचून वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

संयुक्त राष्ट्रांच्या रिपोर्टनुसार २०२४ मध्ये जगात साधारण ६७ कोटी लोक उपाशी होते आणि २०२२ या एका वर्षात घरं, हॉटेलं, दुकानं मिळून १०० कोटी टनांहून जास्त अन्न वाया गेलं, मग धान्य कमी पडतंय असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? बाजारात माल असतो, तो घ्यायला माणसाच्या हातात पैसा नसतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी हेच मांडलं, धान्य फारसं घटलं नव्हतं पण भाव इतके चढले की मजुराला परवडेना.

आता आकड्याने बघितलं तर सगळ्यात जास्त उपाशी लोक आशियात, ३२ कोटींच्या आसपास, पण तिथे प्रमाण कमी होतंय. आफ्रिकेत मात्र पाचातला एक जण उपाशी आहे आणि ते वाढतंय.

आणि युद्ध! याबद्दल तर फारच कमी छापून येतं. सुदानमधल्या अल फाशर शहराला वेढा पडला तेव्हा लोकांनी जनावरांना घालायची शेंगदाण्याची पेंड खाऊन दिवस काढले. गाझात ऑगस्ट २०२५ मध्ये दुष्काळ, म्हणजे लोक भुकेने मरायची वेळ आलीय असं, जाहीर झालं, तिथे काय पावसाने दगा दिला होता? अन्नाचे ट्रक अडवले होते. लोकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरू नका असा ठराव सुरक्षा परिषदेने २०१८ मध्येच केलाय, तरी हे चाललंय आणि कुणाला जाब विचारला जात नाही, याचा खूप संताप येतो.

अजून एक. 'दुष्काळ जाहीर' हा शिक्का बसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. सोमालियात २०११ मध्ये तो जाहीर झाला तोपर्यंत माणसं कितीतरी आधीपासून मरत होती, एकूण अडीच लाखांहून जास्त गेली आणि त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. मुलाच्या दंडाला एक रंगीत पट्टी गुंडाळतात, घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की लाल, म्हणजे गंभीर कुपोषण. ती लाल पट्टी कितीतरी आधी दिसायला लागते, तेव्हाच बातमी पहिल्या पानावर घ्या ना. आणि पावसाच्या आकड्याशेजारी धान्याचा भाव काय होता आणि रस्ता कुणी अडवला तेही छापा, एवढीच विनंती.

आपली,
एक वाचक