कलम ३८ नीट वाच

चि. राणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी नेमणूक अभियंता म्हणून कालव्याच्या उपविभागात झाली हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. विभागीय लेखापाल म्हणून माझी सारी नोकरी ठेकेदारांची देयकं तपासण्यात गेली. ती देयकं ज्या मोजमाप पुस्तकातून निघतात, त्यावर आता तुझी सही असेल.

जमिनीखाली काय आहे ते खोदल्याशिवाय कळत नाही. म्हणून निविदेत परिमाणं अंदाजे धरतात आणि पैसे प्रत्यक्ष मोजमापावर देतात. ही पद्धत मला गैर वाटत नाही. पण दर बांधलेला आणि परिमाण मोकळं असलं, की एकूण रक्कम किती होईल ते कुणीच बांधलेलं नसतं. त्यालाच लगाम म्हणून ठेकेदाराशी होणाऱ्या करारनाम्यात कलम ३८ आहे: निविदेतल्या परिमाणापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त काम झालं, तर त्यापुढच्या कामाचा दर नव्याने ठरवायचा. हे कलम तोंडपाठ कर. भाववाढीचं कलम आणि जादा बाबींची दरसूची त्याच्यासोबत वाच, कारण पैसा या तिन्ही वाटांनी वाढतो.

गोसीखुर्द तर आपल्या वैनगंगेवरचंच धरण. १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा किंमत ३७२ कोटी होती. १९८८ मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि पुढे सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, होत होत आकडा १८,००० कोटींच्या वर गेला. त्यात महागाई आहे, भूसंपादन आहे, पुनर्वसन आहे. सगळी वाढ खोटी, असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप मान्यतांच्या वेगावर आहे. २००९ मध्ये अवघ्या काही महिन्यांत विदर्भातल्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. एवढ्या नस्त्या इतक्या कमी वेळात कुणी नीट वाचल्या असतील, यावर माझा विश्वास नाही. नंतर सिंचनावर श्वेतपत्रिका निघाली, सिंचनातल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी चितळे समिती बसली. शेताला पाणी मात्र समितीच्या अहवालाने मिळत नाही.

हे उपविभागात कसं घडतं ते सांगतो. माझ्यापुढे आलेल्या एका कालव्याच्या देयकात मऊ खडकाचं परिमाण जवळपास संपलं होतं आणि कठीण खडकाचं, ज्याचा दर जास्त असतो, कितीतरी पट वाढलं होतं. माती वाहून नेण्याचं अंतर, म्हणजे लीड, तेही वाढलं होतं. खोदाईच्या वेळचे स्तर-नोंदीचे कागद मागितले तर मिळाले नाहीत, आणि तोवर कालव्याला अस्तर लागून खडक झाकला गेला होता. आता तपासणार काय? मी हरकत लिहिली, पण देयक शेवटी निघालं. म्हणून म्हणतो, लेखापालाची हरकत उशिराच येते. महालेखापालांची तर त्याहूनही उशिरा, आणि विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे विषय जाईपर्यंत सही करणारे निवृत्त झालेले असतात. खडक उघडा असतो तेव्हा तिथे उभी असतेस ती तू.

विधिमंडळ पैसे मंजूर करतं एका वर्षाचे, करारनामा मात्र दहा-दहा वर्षं पुरतो. राज्याने २००५ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला आणि तुटीवर बंधन आलं. पण ज्या कामांचे कार्यारंभ आदेश आधीच निघालेत, त्यांचं दायित्व पुढच्या प्रत्येक अर्थसंकल्पाच्या मानेवर असतं. मग तरतूद थोडी थोडी वाटली जाते, एकही काम पुरं होत नाही, आणि रखडल्यामुळे भाववाढ पुन्हा द्यावी लागते. यात शेवटच्या टोकाचा शेतकरी वीस-वीस वर्षं कोरडा राहतो. मला राग येतो तो याचा.

तेव्हा, अंदाजपत्रक करताना चाचणी खड्डे घेतल्याशिवाय खडकाचं परिमाण लिहू नकोस. स्तर बदलला की त्याच दिवशी फोटो, पातळ्या आणि वरिष्ठांची पाहणी. एखादी बाब निविदेतल्या परिमाणाच्या १०० टक्क्यांच्या जवळ आली की काम पुढे नेण्याआधी कार्यकारी अभियंत्यांना कळव. १२५ ओलांडल्यावर कळवणं म्हणजे मंजुरी गृहीत धरणं. तोंडी सांगितलेलं जादा काम सुरू करू नकोस. लेखी आदेश मिळत नसेल तर आपणच पत्र लिही: ‘आपल्या आजच्या तोंडी सूचनेनुसार...’ आणि जावक क्रमांक टाकून प्रत स्वतःकडे ठेव.

तुझा,
बाबा