रुग्णाला विचारून तरी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात मला पक्षाघाताचा झटका आला आणि डावं अंग गेलं. वय ६८, बेस्टमध्ये ३१ वर्षं बस चालवली, लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. पण हे पत्र माझ्या दुखण्याचं नाही. आमच्याच गॅलरीतली एक मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम करवून रुग्णाला पुन्हा हालतं-चालतं करणारी, व्हायचंय. ते काम असतं कसं, हे एकदा डोळ्यांनी पाहायला मिळावं म्हणून ती चार महिने मुंबईभर फिरली, तिच्याबद्दल लिहायचं आहे.

पहिल्या रुग्णालयात गेटवरच केसपेपर मागितला. नाही म्हटल्यावर आत सोडलं नाही. दुसरीकडे सांगितलं, कॉलेजचं पत्र आण. कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणाले, असल्या पत्राचा नमुनाच आमच्याकडे नाही. प्राचार्यांना दोनदा गाठून पत्र मिळवलं, तोवर फिजिओथेरपीच्या विभागप्रमुख बाई रजेवर गेलेल्या. तिसऱ्या ठिकाणी तिला अठरा पूर्ण नाहीत हे कारण झालं, आणि वर सांगितलं, "पेशंटला आवडत नाही कुणी बघत बसलेलं." एका क्लिनिकने महिनाभर बसू द्यायचे पाच हजार मागितले. तिचे वडील गोदामात हमाली करतात.

या लोकांना मी दोष देत नाही. एकेका थेरपिस्टसमोर किती रांग असते ते मी बाकड्यावर बसून पाहिलंय. पण "पेशंटला आवडत नाही" हे मला लागलं. पेशंट मी आहे. मला कुणी विचारलं?

घरी आल्यावर व्यायामासाठी एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आठवड्यातून तीनदा येऊ लागल्या. मी त्यांना म्हटलं, शेजारची पोर कोपऱ्यात बसली तर चालेल का? त्या म्हणाल्या, "तुम्हाला चालत असेल तर मला चालेल, काका. मोबाइल बाहेर ठेवायचा, तुम्हाला हात लावायचा नाही, इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. आणि एखाद्या दिवशी तुम्ही नको म्हणालात तर नको." तिच्या आईने वहीवर सही केली. जे चार महिन्यांत झालं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं.

ती पोर आली तेव्हा तिच्या डोक्यात क्रिकेटच्या संघाबरोबर बॅग घेऊन धावणारे फिजिओ होते, नाहीतर शेक द्यायची मशिनं. आमच्या खोलीत ना मैदान, ना मशीन. एक लोखंडी खाट, एक बिनहाताची खुर्ची आणि मी. पहिल्या दिवशी अर्धा तास फक्त खुर्चीवरून उठणं चाललं. पाय मागे घ्या, पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं की उठा. मॅडम माझ्या डाव्या बाजूला, किंचित मागे उभ्या. हात माझ्या कमरेशी, पण धरलेला नाही, नुसता तयार. पोरीने तिसऱ्या दिवशी विचारलं, तुम्ही नेहमी डावीकडेच का उभ्या राहता? मॅडम म्हणाल्या, "पडले तर त्याच बाजूला पडतील ना." माझ्या मुलाला मी किती दिवस सांगत होतो की मला उठवताना डावा हात ओढू नकोस, खांदा दुखतो. त्या दिवसापासून ही पोरच त्याला टोकायला लागली.

माझं डावं पाऊल लटकायचं, चालताना बोटं फरशीला घासायची. बोटं वर उचला म्हटलं तर डोक्याचा निरोप पायापर्यंत पोचायचाच नाही. मॅडमना कळलं की मी ड्रायव्हर होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, "काका, गाडी गिअरमध्ये आहे. क्लच सोडा, सावकाश." ३१ वर्षं ज्या पायाने क्लच दाबला तोच हा पाय. अंगठा हलला. चण्याच्या डाळीएवढा, पण हलला. मॅडमच्या आधी तो त्या पोरीला दिसला, कारण ती खाली फरशीवर बसली होती.

एक दिवस मी व्यायाम करायलाच नकार दिला. गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत दुसऱ्याच्या खांद्यावर जावं लागतं, याची त्या दिवशी फार लाज वाटली आणि रडू आलं. मॅडम उठून गेल्या नाहीत. दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिल्या, मग विचारलं, "संडासापर्यंत पावलं किती होतात?" कुणी मोजलीच नव्हती. पोरीने जाऊन मोजली. बावीस. त्या दिवसापासून आमचा व्यायाम म्हणजे ती बावीस पावलं. दिवाळीच्या आधी मी ती काठी घेऊन एकट्याने चाललो. आता जिनाही जमतो. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी अधू.

हे कुठल्या पुस्तकात असेलही. पण साडेसतरा वर्षांच्या पोरीला आपलं आयुष्य या कामात घालायचं की नाही हे ठरवायचं असेल, तर तिने हे समोर बसून पाहायला हवं. आपल्याकडे नीटचे मार्क आणि सीईटी सेलची यादी यांवर प्रवेश होतो. मार्क पाहू नका असं मी म्हणत नाही. पण चार वर्षांचा अभ्यास आणि वर इंटर्नशिप डोक्यावर घेणाऱ्या मुलाला एक दुपारसुद्धा हा विभाग पाहायला मिळू नये? एमबीबीएसचा नंबर लागला नाही म्हणून इकडे आलेले आपल्या वर्गातले दोघं पहिल्याच वर्षी सोडून गेले, असं मॅडमच सांगत होत्या. या मुलीचा आतेभाऊ अमेरिकेत आहे, तोही याच वाटेवर. तिथे बरीच कॉलेजं प्रवेशाआधीच विचारतात, थेरपिस्टसोबत किती तास घालवलेस, आणि त्या तासांवर थेरपिस्टची सही लागते. कॉलेजागणिक तास वेगळे. तिथल्यासारखी सक्ती इथे नको, गरिबाच्या मुलांना ती जाचक होईल. पण दार तरी उघडं असावं.

मुंबईने या कामात देशाला वाट दाखवली आहे. फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षण १९५३ साली परळच्या केईएममध्ये सुरू झालं, पोलिओच्या साथीनंतर. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी पोलिओ झाला. आई तिला कडेवर घेऊन हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत न्यायची. मी सोबत जायचो. आठ-नऊ वर्षांचा असेन. दोन आडव्या दांड्यांमध्ये कॅलिपर, म्हणजे पायाला आधाराच्या पट्ट्या, घातलेली बहीण पहिल्यांदा उभी राहिली, ते मी दारातून पाहिलं. मला कुणी हाकललं नाही.

म्हणून महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांना माझी विनंती आहे. आठवड्यातली एक दुपार ठरवा. दोन-तीनच मुलं, कॉलेजचं पत्र, पालकांची सही. ज्याच्यावर उपचार चालू आहेत त्याला त्याच्या भाषेत आधी विचारा, आणि तो नको म्हणाला तर मुलांना बाहेर बसवा. ज्युनिअर कॉलेजांनी त्या पत्राचा नमुना करून ठेवावा. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, मुलांना वर्षाला १२० तास समाजसेवा करावी लागते. त्यातले काही तास या विभागात का धरू नयेत? व्हीलचेअर ढकलायला, केसपेपर काढून द्यायला, म्हाताऱ्या माणसाला लिफ्टपर्यंत न्यायला तिथे कायम माणूस कमी असतो. औषधोपचाराला हात न लावता ही कामं पोरं करू शकतात, आणि करता करता पाहतात.

आमची पोर आता दर शनिवारी एका विशेष मुलांच्या शाळेत मदतीला जाते. तिथे त्यांनी पहिल्याच भेटीत हो म्हटलं. तिथली मुलं आणि मी यांच्यात फार फरक आहे, असं ती सांगते. मुलांना व्यायाम म्हणून सांगितला तर करत नाहीत, खेळ म्हणून करतात.

माझे व्यायाम अजून चालू आहेत. आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता मॅडम येतात. खोलीत आणखी एका मुलाला बसण्यापुरती जागा आहे. मॅडमना विचारलंय, त्यांची हरकत नाही. कुणा विद्यार्थ्याला यायचं असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. कॉलेजचं पत्र नसलं तरी चालेल, आई-वडिलांची सही मात्र आणावी.

आपला,
एक निवृत्त बस चालक, लालबाग, मुंबई